धमनीतून किमो : आधी समजून घ्या, मग सही करा

स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणून वाकडच्या काळाखडकात काय नि दुसऱ्या वस्तीत काय, गाठ फुटून वाहू लागली की मगच बाई दवाखाना गाठते. अशा वाढलेल्या रोगात कोणी 'धमनीतून थेट किमो' सुचवली, तर ती काय असते?

नेहमीची किमो हाताच्या शिरेतून देतात. औषध सगळ्या अंगात फिरते. म्हणून केस, तोंड, रक्तपेशी यांनाही मार बसतो. धमनीच्या उपचारात जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती स्तनाला रक्त पुरवणाऱ्या धमनीपर्यंत नेतात आणि औषध तिथेच सोडतात. गाठीला जास्त मात्रा मिळते. गाठ आक्रसू शकते, रक्त वाहणे कमी होऊ शकते. पण कातडी भाजणे, धमनीत गुठळी होणे हे धोके आहेत.

यकृताच्या आणि लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगात ही पद्धत रुळली आहे. स्तनासाठी ती अजून नेहमीचा उपचार नाही. रोग हाडात, फुफ्फुसात गेला असेल, तर सगळ्या अंगाला पोचणारे औषध लागतेच. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने असा पसरलेला रोग असलेल्या ३५० स्त्रियांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. स्तनातल्या गाठीवर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन करूनही त्यांचे आयुष्य वाढले नाही.

म्हणून दागिने मोडण्याआधी डॉक्टरांना विचारा :
१. बायोप्सीत हार्मोन आणि हर-२ तपासणी झाली का?
२. रोग कुठे कुठे पसरला आहे?
३. हा उपचार बरे करण्यासाठी, की त्रास कमी करण्यासाठी?
४. तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का?

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. शिरेतली किमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन यांची सोय योजनेत आहे.

आणि वेळीच हात लावून पाहा. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी तपासले. पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्यासाठी मशीन लागले नाही, फक्त शिकवलेले हात लागले.

गाठ, आत ओढलेले बोंड, बोंडातून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, यांतले एकही दिसले तर त्याच आठवड्यात पिंपरीचे वायसीएम रुग्णालय गाठा. सोबत शेजारणीला न्या.