बुबुळ बदलल्यानंतर डोळा लाल झाला तर

14 एप्रिलच्या शिबिरात आपल्या विहारांतून नेत्रदानाचे फॉर्म भरले जातात, ही चांगली गोष्ट. पण ज्याला ते बुबुळ बसते त्याच्या घरी पुढे काय जपायचे, यावर आपण बोलत नाही. आज तेवढेच.

मृत व्यक्तीच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा रुग्णाच्या डोळ्याला केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी शिवतात. शरीराने तो नाकारू नये म्हणून स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालावे लागतात. ते हवेतच. पण त्यांनी डोळ्याची लढण्याची ताकद कमी होते. त्यात एखादा टाका सैल झाला, की बुरशीला शिरायला वाट मिळते.

आमच्या वस्तीतल्या एका काकूंचे ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. डोळा लाल झाला, पाणी येऊ लागले. मुलाने जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तेच थेंब आणले आणि जास्त वेळा घातले. आम्हीही म्हणालो, शरीर बुबुळ नाकारत असेल. इथे आम्ही चुकलो. दोन्हींत डोळा लालच होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसते. उपचार मात्र उलटे. नाकारत असेल तर स्टेरॉइड वाढवतात. बुरशी असेल तर तेच स्टेरॉइड तिला खतपाणी. घरी बसून, मेडिकलवाल्याला विचारून, किंवा आमच्यासारख्या नर्सला विचारूनसुद्धा हे ओळखता येत नाही. बुबुळावरचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. मग नॅटामायसिनसारखे थेंब, सुरुवातीला तासातासाला, रात्रीही, आणि पुढे कित्येक आठवडे. काकूंचा डोळा वाचला, पण ते बुबुळ पांढरे पडले. दुसरे बसवावे लागले.

म्हणून लाली, दुखणे, उजेडाचा त्रास, अंधुक दिसणे यांतले एक जरी दिसले, तरी त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात जा. रोज बुडेल, हे आम्हाला कळते, तरी जा. सगळ्या बाटल्या सोबत न्या. स्टेरॉइड आपल्या मनाने वाढवू नका, बंदही करू नका.

मध, अंगावरचे दूध, गुलाबपाणी, काजळ, काहीही डोळ्यात नको. कडबा, भुसा, कचरा हाताळायचा असेल तर चष्मा लावा. काडीच्या साध्या ओरखड्यानेही बुरशी आत जाते. थेंब घालण्याआधी साबणाने हात धुवा, बाटलीचे टोक पापणीला लावू नका. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि महिन्याने ती फेकून द्या, अर्धी उरली असली तरी.