सहवाचकाला विज्ञानकथा आणि अद्भुतकथा सुचविताना

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला ग्रंथपरीक्षण आणि ग्रंथशिफारस यांतील फरक सांगता येईल, विज्ञानकथा व अद्भुतकथा वाचकापुढे कोणती पूर्वअट ठेवतात हे ओळखता येईल, आणि एका विशिष्ट वाचकासाठी शिफारस-टिपण लिहिता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, ग्रंथपरीक्षण हे अनोळखी वाचकवर्गासाठी लिहिले जाते. शिफारस मात्र एखाद्या ओळखीच्या माणसाला केली जाते. परीक्षकाची बांधिलकी प्रामुख्याने पुस्तकाशी असते. शिफारस करणारा पुस्तकाला आणि वाचकाला, अशा दोघांनाही जबाबदार असतो. पुस्तक उत्तम असूनही ती शिफारस चुकीची ठरू शकते.

तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकत आहेत. अशा वाचकाच्या वाट्याला महिन्याकाठी एखादेच अवांतर पुस्तक येते. ते चुकले तर महिना वाया जातो. त्यातही या दोन प्रकारांच्या बाबतीत नुकसान अधिक होते. सामाजिक कादंबरी आवडली नाही तर वाचक ती एक कादंबरी नाकारतो. पहिलीच विज्ञानकथा कंटाळवाणी निघाली तर मात्र तो ‘हा आपला प्रांत नव्हे’ म्हणून सगळा साहित्यप्रकारच बाजूला ठेवतो. म्हणून सहवाचकाला काय सुचवावे, आणि त्याहून अधिक म्हणजे कोणत्या कारणाने सुचवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

४.३ गुणाढ्याचा श्रोता

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. अद्भुतकथेच्या शिफारशीची एक जुनी गोष्ट याच गावाशी निगडित आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ‘कथासरित्सागरा’च्या आरंभी ती येते. सातवाहन राजाच्या दरबारातील पंडित गुणाढ्य एका पैजेत हरतो आणि संस्कृत, प्राकृत व देशभाषा यांचा त्याग करतो. पुढे तो विंध्याच्या अरण्यात पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहितो. शाई नसल्याने ती स्वतःच्या रक्ताने लिहितो. शिष्य ते हस्तलिखित राजाकडे नेतात. राजा ते नाकारतो. त्याचे आक्षेप पाहा: भाषा पिशाचांची, लेखन रक्ताचे, विस्तार अवाढव्य. कथा कशी आहे, याविषयी तो काहीच बोलत नाही, कारण त्याने ती ऐकलेलीच नसते.

गुणाढ्य मग अरण्यातील पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवितो आणि ते अग्नीत टाकतो. प्राणी चरणे विसरून ऐकत राहतात. त्यामुळे राजाच्या पाकशाळेत येणारे मांस शुष्क होते, राजा आजारी पडतो, चौकशी होते आणि तो धावत अरण्यात जातो. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेलेले असतात. एक लक्ष उरतात.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु शिफारशीच्या अभ्यासकाला तिच्यात पुष्कळ सापडते. राजाने पुस्तकाचे बाह्य रूप पाहून निवाडा केला. आजही ‘हे मुलांचे आहे’, ‘हे भुताखेतांचे आहे’, ‘यात सगळे राक्षस आणि यानेच आहेत’ असे म्हणून पुस्तक परत ठेवणारा वाचक त्याच राजाच्या पंक्तीत बसतो.

(जाता जाता: ‘कथासरित्सागरा’त मयाची कन्या सोमप्रभा लाकडी यंत्रपुतळ्या घेऊन येते. त्यावरून प्राचीन काळी यंत्रमानव होते असे सांगणारे भेटतात. असे म्हणणे म्हणजे कथेला पुरावा समजणे होय. कथेवर एवढा अन्याय तिच्या निंदकांनीही केलेला नाही.)

४.४ ना. वि. जगताप यांची कथा

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला की लेखक खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) आहेत. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये, हा हेतू उघड आहे. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी विज्ञानकथेची आणि नारळीकरांच्या लेखनाची दखल घेतली. विज्ञानकथा मुख्य साहित्यचर्चेत येण्यास या दोन्ही घटनांचा हातभार लागला. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः नारळीकरांकडे आले.

यातील विसंगती लक्षात घ्यावयास हवी. ज्या लेखकाने आपले नाव लपवून कथेची परीक्षा करविली, त्याच्या पुस्तकांची शिफारस आपण आज मुख्यतः त्याच्या नावावर करतो: ‘एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने लिहिले आहे, वाचलेच पाहिजे.’ हा आदर योग्यच आहे, पण ही शिफारस नव्हे. कथा का वाचावी याचे उत्तर तीत नाही.

४.५ ‘ज्ञानात भर पडते’

मराठीत विज्ञानकथेची शिफारस करताना आणखी एक कारण हमखास दिले जाते: या कथांमुळे विज्ञानाची माहिती मिळते. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक घेण्यासाठी हे कारण उपयोगी असेल. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र त्यावर विसंबू नये. माहितीसाठी वाचणाऱ्याला ती थेट देणारी पुस्तके उपलब्ध आहेत, आणि कथेतील विज्ञान जुने झाले तर त्या न्यायाने कथाही टाकाऊ ठरेल. ज्यूल व्हर्नची माणसे तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघतात. हे अशक्य आहे, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही भा. रा. भागवतांच्या ‘चंद्रावर स्वारी’ने मराठी मुलांच्या पिढ्यांना वेड लावले. ते वेड तोफेच्या गणिताचे नव्हते.

नारळीकरांच्या सर्व कथा सारख्या तोलाच्या नाहीत, हेही मोकळेपणाने सांगावे. काही कथांत एक पात्र दुसऱ्याला समजावून सांगते आणि कथा तेवढा वेळ थांबून राहते. अशा कथेची शिफारस करून वाचक गमावण्यापेक्षा निवड करावी.

४.६ पूर्वअट ओळखणे

भारतीय काव्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय मानला आहे. या दोन्ही प्रकारांचे मूळ तेथेच आहे. दोन्ही प्रकार वाचकाला म्हणतात, ‘एवढे एक मानून चल.’ विज्ञानकथा त्या एका गृहीताला ज्ञात विज्ञानाचा आधार देते आणि पुढचे सगळे कार्यकारणाने बांधते. अद्भुतकथा आधार देत नाही, परंतु स्वतःच्या जगाचे नियम घालून घेते आणि ते पाळते. शिफारस करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे ही पूर्वअट नेमकी ओळखणे. दुसरे, समोरचा वाचक ती मान्य करील काय, याचा अंदाज घेणे. शेवट सांगण्याची गरज नसते. अट सांगितली की वाचक स्वतःच ठरवितो.

क्रिकेटवेड्या मित्राला नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ द्यावी. डावे-उजवे उलट होण्याची कल्पना तेथे सामन्याच्या मैदानावर उतरते आणि पूर्वअट जाणवतही नाही. यंत्रापेक्षा माणसांत रस असणाऱ्याला सुबोध जावडेकर अधिक जवळचे वाटतील. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे आणि निरंजन घाटे हेही याच वाटेवरचे लेखक. भयाची गोडी असणारा वाचक नारायण धारपांकडे बहुधा स्वतःच जातो. त्याला सांगावे लागत नाही.

अद्भुतकथेविषयी एक गैरसमज असा की ती मराठीत भाषांतरातूनच आली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मराठी कादंबरीच्या पहिल्याच दशकांत वाचकाने अद्भुत मागितले होते आणि त्याला ते मिळाले होते. नाथमाधवांची ‘वीरधवल’ त्याच घराण्यातली. आज मात्र या पुस्तकांची भाषा सामान्य वाचकाला जड जाते, म्हणून ती अभ्यासकालाच सुचवावीत. गंभीर वाचकाला मी जी. ए. कुलकर्णी यांची ‘रमलखुणा’ (१९७५) सुचवीन. त्यातील ‘इस्किलार’ व ‘प्रवासी’ या दीर्घकथांतील प्रदेश कोणत्याही नकाशात सापडत नाहीत, आणि तरीही तेथील दुःख ओळखीचे वाटते. ग्रंथालयात हे पुस्तक अद्भुतकथांच्या शेजारी ठेवलेले सहसा दिसणार नाही. प्रतिष्ठित लेखकाने अद्भुत लिहिले की आपण त्याला दुसरे नाव देतो.

भाषांतरांपैकी मुग्धा कर्णिक यांनी केलेला टॉल्किनच्या महाकादंबरीचा अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ सवडीच्या वाचकाला द्यावा. घरात कुमारवयीन मुले असतील तर ‘हॅरी पॉटर आणि परीस’ पालकांनाही उपयोगी पडेल. मूळ शीर्षकातील किमयागारांच्या दगडासाठी ‘परीस’ हा शब्द योजताच परकी कल्पना कशी घरची होते, हे त्या एका शब्दात पाहता येते.

४.७ नमुना टिपण

वैजापूर तालुक्यातील एका शाळेत इतिहास शिकविणाऱ्या, विज्ञानकथा कधीही न वाचलेल्या सहाध्यायिनीसाठी पुढील टिपण लिहिले आहे.

‘ताई, पानिपत शिकविताना मुले एकच प्रश्न विचारतात, असे तुम्ही मागील संपर्कसत्रात म्हणालात: आपण जिंकलो असतो तर? नारळीकरांची “गंगाधरपंतांचे पानिपत” ही कथा त्याच प्रश्नावर उभी आहे. नायक इतिहासाचे प्राध्यापक आहेत. एके दिवशी ते अशा जगात जाऊन पडतात, जेथे १७६१ ची लढाई वेगळी झाली होती. तुम्हांला एवढेच मानावयाचे आहे. बाकीचे पंत तुमच्याच पद्धतीने करतात: ग्रंथालयात जाऊन बखर शोधतात. शेवटी थोडे विज्ञान येते. ते पहिल्या वाचनात पूर्ण समजले नाही तरी अडत नाही. कथा एका बैठकीत संपते. वर्गात वाचून दाखविण्यापूर्वी मात्र एकदा स्वतःसाठी वाचा.’

या टिपणात लेखकाच्या पदव्या नाहीत, ‘अवश्य वाचा’ नाही आणि शेवटही नाही. अवघड भागाची कल्पना आधीच दिली आहे. त्यामुळे तेथे पोहोचल्यावर वाचकाला फसविल्यासारखे वाटत नाही.

४.८ स्वाध्याय

१. गुणाढ्याच्या आख्यायिकेतील राजाचे आक्षेप आणि आजच्या वाचकाचे विज्ञानकथेविषयीचे आक्षेप यांची तुलना करा.

२. ‘विज्ञानकथा माहितीसाठी वाचावी’ या मताचा सोदाहरण परामर्श घ्या.

३. उपक्रम: तुमच्या अभ्यासकेंद्रातील एका सहाध्यायाला त्याच्या आवडीच्या तीन पुस्तकांविषयी विचारा. त्यानंतर त्याच्यासाठी एका विज्ञानकथेचे किंवा अद्भुतकथेचे सुमारे १०० शब्दांचे शिफारस-टिपण लिहा. पुस्तक वाचून झाल्यावर त्याने दिलेला अभिप्राय, प्रतिकूल असला तरी, टिपणाखाली त्याच्याच शब्दांत नोंदवा आणि दोन्ही पुढील संपर्कसत्रात आणा.