जळालेलं जंगल, बंद पडलेली गिरणी

प्रश्न : जुनं मोडूनच नवं घडतं, हे अर्थशास्त्रातलं सूत्र निसर्गाला आणि समाजालाही लागू पडतं का?

उत्तर : जोसेफ शुम्पीटर यांनी १९४२ मध्ये ‘सर्जनशील विनाशा’ची मांडणी केली ती उद्योगांविषयी. निसर्गातही तिचे दाखले सापडतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग १९८८च्या वणव्यांत होरपळला. तिथल्या लॉजपोल पाइनची कित्येक शंकूफळं राळेनं घट्ट मिटलेली असतात. धगीनं राळ वितळली, बिया राखेत पडल्या आणि रोपं दाटीनं उगवली.

समाजाचं तसं नाही.

मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर गिरणगावातल्या कापड गिरण्या एकेक करून थंडावल्या. त्यांच्या जमिनींवर मॉल, टॉवर उभे राहिले. त्यात साचेवाल्या गिरणी कामगाराला काम मिळालं नाही. म्हणून धोरणकर्त्यांनी निसर्गाचा दाखला देण्याआधी कामगाराची देणी आणि घर यांचा हिशेब चुकता करावा.