तापता समुद्र आणि मुशी

तंजावूरचे नाव घेतले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बृहदीश्वराचे शिखर आणि सरस्वती महालातील हस्तलिखिते उभी राहतात. समुद्र सहसा आठवत नाही. तथापि तंजावूर जिल्ह्याला समुद्रकिनारा आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ दुसरे सरफोजी राजे यांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधविलेला ‘मनोरा’ तेथेच, मल्लिपट्टणम् या मच्छीमारांच्या गावाजवळ उभा आहे. त्याच्यासमोर पसरलेले उथळ पाणी म्हणजे पाल्कचा उपसागर होय. या पाण्यात राहणाऱ्या एका प्राचीन जीवावर हवामानबदलाचा परिणाम कसा होतो, हे या पाठात पाहावयाचे आहे. तो जीव म्हणजे मुशी, अर्थात शार्क मासा.

मुशीची ओळख

मुशीच्या शरीरात हाडे नसतात. तिचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या बाह्य कानात असते तशा लवचिक द्रव्याचा, बनलेला असतो. तिचे पूर्वज सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीपासून समुद्रात आहेत. सर्वच मुशी अजस्र व हिंस्र असतात ही समजूत चुकीची आहे. पुष्कळशा जाती माणसाच्या हाताएवढ्याच लांब असतात. कोकणच्या बाजारात लहान मुशी नेहमी विकावयास येतात. तामिळ लोक मुशीला ‘सुरा’ म्हणतात आणि तिचे ‘सुरापुट्टु’ बाळंतिणीस आवर्जून खाऊ घालतात. म्हणून मुशीचा प्रश्न केवळ प्राणिशास्त्रज्ञांचा नाही. तो किनाऱ्यावरील घराघरांचाही आहे.

ऊन पाणी आणि प्राणवायू

१९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीने सुमारे एक अंश सेल्सिअसने वाढले. एक अंश ही वाढ आपल्याला क्षुल्लक वाटेल. परंतु बहुतेक मुशींच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याएवढेच असते. पाणी तापले की शरीरातील रासायनिक क्रिया जलद होतात, आणि त्यामुळे अन्न व प्राणवायू अधिक लागतो. याच वेळी दुसरी अडचण उभी राहते. पाणी जितके ऊन, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. उष्ण कटिबंधातील जलचर मुळातच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या मर्यादेजवळ राहत असल्यामुळे त्यांना थोडी वाढही जाचक ठरते.

अंड्यातील पिल्लू

मुशींच्या काही जाती पिल्लांना जन्म देतात, तर काही चामड्यासारख्या चिवट कोशात अंडी घालतात. आपल्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या बांबू-मुशी अंडी घालणाऱ्या आहेत. त्यांच्याच कुलातील, ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांत राहणाऱ्या एका जातीवर केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. २७ अंश तापमानाच्या पाण्यात तिची पिल्ले सुमारे १२५ दिवसांनी बाहेर आली. ३१ अंशांच्या पाण्यात मात्र सुमारे १०० दिवसांतच. लवकर जन्मणे हा लाभ वाटेल, पण तो लाभ नव्हे. ऊन पाण्यातील पिल्लांनी कोशातील पीतक, म्हणजे आईने दिलेली शिदोरी, लवकर संपविली होती. ती आकाराने लहान व अशक्त होती आणि त्यांना जन्मताच भक्ष्याच्या शोधात निघावे लागत होते. मोठी मुशी नकोशा पाण्यातून पोहत दूर जाऊ शकते. कोशातील पिल्लाला तो मार्ग नाही.

उत्तरेकडे भूमी आहे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत वाघमुशी या जातीचा अभ्यास झाला आहे. तेथे पाणी सरासरीहून एक अंशाने अधिक तापले की या मुशी सुमारे ४३० किलोमीटर अधिक उत्तरेकडे जातात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. गार पाणी शोधणे हा त्यांचा उपाय होय.

आता वाचकाने भारताचा नकाशा उघडावा. पाल्कच्या उपसागराच्या पश्चिमेस व उत्तरेस तामिळनाडूची भूमी, पूर्वेस श्रीलंका आणि दक्षिणेस रामसेतूची उथळ रांग आहे. ईशान्येस कोडियक्करैजवळ सामुद्रधुनीची वाट उघडी आहे. पण तिच्यापलीकडचा बंगालचा उपसागरही उत्तरेस भूमीलाच टेकतो. म्हणजे अमेरिकेतील मुशीला जी वाट मोकळी आहे, ती येथील मुशीला मुळातच मिळत नाही. शिवाय उथळ पाणी खोल पाण्यापेक्षा लवकर तापते. २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत याच उपसागरातील प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले होते.

उपाय कोठे आहे?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मुशींच्या ऱ्हासाचे मुख्य कारण आजही अतिरिक्त मासेमारी हेच आहे. १९७० पासूनच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील मुशी व पाकट यांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली. मुशी उशिरा वयात येते आणि तिला पिल्लेही थोडीच होतात. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. जाळ्याने दुबळ्या केलेल्या या प्राण्यावर उष्णतेचा दुसरा आघात होत आहे.

समुद्र गार करणे एका जिल्ह्याच्या हाती नाही. त्यासाठी साऱ्या जगाने कोळसा व तेल यांचे ज्वलन कमी केले पाहिजे. पहिला आघात मात्र येथेच हलका करता येतो. तामिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावूर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र समुद्रगाईसाठी राखून ठेवले. समुद्रगाय ज्या सागरी गवतावर जगते, त्याच गवतात खेकडे, झिंगे व लहान मासे वाढतात आणि मुशी त्यांवर पोसते. एकाचे कुरण राखले की दुसऱ्याचे ताटही राखले जाते. जिला पळावयास वाट नाही, तिला निदान राहावयास जागा तरी उरली पाहिजे.

अभ्यास

१. पाणी तापल्यावर मुशीची प्राणवायूची गरज वाढते, पण पुरवठा घटतो. असे का होते?
२. अंड्यातून पिल्लू लवकर बाहेर येणे हानिकारक का ठरते?
३. नकाशात पाल्कचा उपसागर दाखवा व त्याच्या चारही दिशांना काय आहे ते लिहा.