नाव आणि नावामागची गोष्ट



बोईसर किंवा पालघरच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानाशी घटकाभर उभे राहावे आणि गिऱ्हाईक काय मागते ते ऐकावे. तांदूळ घ्यायचा तर बाई विचारते, "वाडा कोलम आहे का?" चिकू घेताना विचारणा होते, "घोलवडचा ना?" पोराला रंगाची पेटी हवी असली तर "कॅमलची द्या." आणि साखर? "एक किलो साखर द्या." बस्स. कुठली, कोणत्या कारखान्याची, कोणाच्या उसाची, हा प्रश्नच नाही. साखर काय, सगळीकडची गोडच!

या पाठात आपण हा फरक समजून घेणार आहोत. ऊस हे काही पालघरचे पीक नव्हे. तरीही पाठासाठी आम्ही मुद्दाम तोच जिल्हा निवडला, कारण मालाला नाव कसे मिळते, नावाला गोष्ट कशी चिकटते आणि ती गोष्ट हातची कशी जाते, हे सगळे तिथे पाच-पन्नास मैलांच्या टापूत पाहायला मिळते.

हा शहरी जाहिरातवाल्यांचा विषय आहे, आपल्याला काय करायचे, असे कोणी म्हणू नये. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढची सहा वर्षे त्याच आकड्यावर राहिला. उसाची एफआरपी मात्र २०१९-२० च्या हंगामात क्विंटलला २७५ रुपये होती, ती २०२५-२६ साठी ३५५ रुपये झाली. (मधल्या काळात मूळ उतारा १० वरून १०.२५ टक्के झाला, हेही ध्यानात ठेवावे.) किमान दर म्हणजे बाजारभाव नव्हे, हे खरे. पण आपल्या मालाला स्वतःचा असा भाव नाही, तो मंत्रालयात, दिल्लीत नाही तर व्यापाऱ्याच्या निविदेत ठरतो, हेही तितकेच खरे आहे. ज्याला नाव नाही त्याला भाव सांगता येत नाही.

आता तारापूरकडे वळू. बाहेरच्या माणसाला तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते. पण बोईसरला लागून जी तारापूर औद्योगिक वसाहत आहे, तिथून रोज ट्रक भरभरून माल बाहेर पडतो. रंगद्रव्ये, औषधांचे कच्चे द्रव्य, पोलाद. पिंपात भरलेले औषधी द्रव्य दुसऱ्या गावी जाते, तिथे त्याची गोळी होते, आणि नाव लागते ते गोळीवर. पिंप कुठून आले हे रोग्याला कधी कळत नाही. आपले पन्नास किलोचे पोते आणि ते पिंप यांत फार अंतर नाही. आपल्या पोत्यावर कारखान्याचे नाव छापलेले असते हो, पण दुकानदार पोते फोडतो, साखर डब्यात ओततो आणि पोते कोपऱ्यात जाते. नाव गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही.

त्याच वसाहतीत कॅम्लिनचाही एक कारखाना आहे. या मराठी उद्योगाची हकीकत आपण जरा सविस्तर पाहू. १९३१ साली मुंबईत गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू यांनी शाईची पूड आणि शाईच्या वड्या करायला सुरुवात केली. तेव्हा नाव होते 'हॉर्स ब्रँड'. काळ स्वदेशीचा, आणि चांगली शाई म्हणजे विलायतेची असा लोकांचा पक्का समज. पुढे फाउंटन पेनची 'कॅमल' शाई आली, आणि कॅमल व इंक हे दोन शब्द जोडून 'कॅम्लिन' झाले. घोडा काय, उंट काय, ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र ओळखता येते. खेडोपाडी चालणाऱ्या मालाला ही मोठी सोय.

पण खरी गोष्ट चित्राने जुळली नाही, ती शाळेने जुळवली. शाई, मग रंग, मग कंपासपेटी. कंपनीने मुलांच्या चित्रकला स्पर्धा भरवल्या, चित्रकला शिक्षकांशी नाते ठेवले. मुलाने पहिले चित्र काढले, त्याला बक्षीस मिळाले, ते आईने भिंतीवर लावले. आता कंपनीने वेगळे काय सांगायचे राहिले? गोष्ट गिऱ्हाइकाच्याच घरात घडली. पुढे ते मूल मोठे झाले, त्याला स्वतःचे पोर झाले, आणि दुकानात गेल्यावर त्याच्या तोंडून आपोआप तेच नाव निघाले. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने या उद्योगातला मोठा हिस्सा घेतला. मालकी बदलली तरी कॅमल हे नाव ठेवले गेले, कारण त्या नावामागे लोकांचे बालपण उभे होते. आमच्या मते या सगळ्या पाठातली ही सर्वांत मोलाची बाब आहे : गोष्ट सांगणे म्हणजे स्वतःची बढाई मारणे नव्हे. गिऱ्हाइकाला त्या गोष्टीत जागा हवी.

आता उत्तरेला घोलवडकडे चला. चिकू हे झाड मुळात आपल्या देशातले नाही, ते मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. डहाणू-घोलवडच्या किनारपट्टीत त्याच्या बागा पारशी-इराणी आणि इतर बागायतदारांनी वाढवल्या, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तिथल्या मातीत चुन्याचा अंश आहे, त्यामुळे फळाला वेगळी गोडी येते, हे तिथले शेतकरी सांगतात. याच मुद्द्यावर 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अर्ज एकट्यादुकट्याने केला नव्हता. चिकू उत्पादकांच्या संघाने केला होता. २०२१ साली या नावाने चिकू इंग्लंडला रवाना झाला. बोर्डीला चिकू महोत्सव भरतो, मुंबईकर येतात, बागेत हिंडतात, घरी पेटी नेतात. परदेशी झाड, पण माती, माणसे आणि शंभर वर्षांची मेहनत खरी. म्हणून 'घोलवडचा चिकू' ही गोष्ट कोणाला खोटी वाटत नाही.

भौगोलिक मानांकनाविषयी थोडे सांगतो, कारण सभासद नेहमी विचारतात. १९९९ चा कायदा, अंमल २००३ पासून. नोंदणीचे कार्यालय चेन्नईला. मुदत दहा वर्षे, नंतर नूतनीकरण करायचे. नाव एका माणसाचे होत नाही, ते त्या टापूतल्या उत्पादकांचे राहते. मात्र प्रत्येक शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव वेगळे नोंदवावे लागते. नेमके इथेच घोडे पेंड खाते. संघाला प्रमाणपत्र मिळते, सत्कार होतो, फोटो छापून येतो, आणि शेतकरी नाव नोंदवायला जातच नाही.

वाड्याच्या कोलमचे बघा. बारीक, हलका, पचायला सोपा तांदूळ. झिनी म्हणूनही ओळखतात. मुंबईत याचे नाव कैक वर्षांपासून आहे. आणि नाव मोठे झाले म्हणूनच घोटाळा झाला. वाड्याबाहेरचा, परप्रांतातला बारीक तांदूळही 'वाडा कोलम' म्हणून खपतो, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. मानांकन मिळाले ते २०२१ साली. तोवर गोष्ट वाड्याची आणि पैसा दुसऱ्याचा, असे बरेच झाले होते. कोल्हापुरी गुळाचे दुखणे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. ते घरातलेच आहे.

याहून विचार करण्यासारखे उदाहरण वारली चित्राचे. लग्नघरी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर. अक्षर न शिकलेल्या समाजाने आपली गोष्ट भिंतीवर लिहून ठेवली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पुढे हीच चित्रे साडीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर आली. २०१० च्या दिवाळीत कोका-कोला कंपनीने आपल्या जाहिरातीत वारली चित्रांचा वापर केला, घरी परत या, असा तिचा आशय. जाहिरात वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. पण गोष्ट कोणाची आणि बाटली कोणाची, हा प्रश्न उरतोच. आदिवासी युवकांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २०१४ साली वारली चित्रकलेलाही मानांकन मिळाले. आपण आपली गोष्ट सांगितली नाही, तर ती पडून राहत नाही. दुसरा कोणीतरी सांगतो आणि स्वतःचा माल विकतो.

सहकाराला हे जमत नाही असे कोणी म्हणेल, तर पालघरच्या पलीकडे गुजरातेत अमूल आहे. १९४६ साली खेडा जिल्ह्यातले दूधवाले एकत्र आले. १९६६ पासून ठिपक्यांच्या झग्यातली ती मुलगी लोण्याच्या जाहिरातीत आली. तिचे कौतुक सगळेच करतात. आम्हाला कौतुक वाटते ते १९७६ च्या 'मंथन' चित्रपटाचे. श्याम बेनेगलांनी तो केला आणि पैसा घातला पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये. आपली गोष्ट आपल्याच पैशाने! २०२४ साली तो चित्रपट नव्याने दुरुस्त होऊन फ्रान्समध्ये कान येथे दाखवला गेला.

मग आपली गोष्ट काय? तोटा नाही. १९५०-५१ चा प्रवरेचा पहिला हंगाम, गावोगाव भाग गोळा करणारे विठ्ठलराव विखे पाटील, पाठीशी उभे राहिलेले धनंजयराव गाडगीळ. १९३२ पासूनचे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, तिथून आलेला को ७४०. आणि त्याहून जवळचे म्हणजे आपले स्वतःचे : भाग घेण्यासाठी कोणी बैल विकला, कोणाच्या घरातला दागिना गेला.

परंतु दोन गोष्टी स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. पहिली, आपली बरीचशी साखर मिठाईवाले, बिस्किटवाले, शीतपेयवाले घेतात. ते एस-३० की एम-३०, रंग किती, ओलावा किती, एवढेच बघतात. त्यांना गोष्ट ऐकवून क्विंटलमागे एक रुपया जास्त मिळायचा नाही. एक किलो, पाच किलोच्या पुड्याचे गिऱ्हाईक वेगळे. तिथेच काय तो उपयोग. तेव्हा सगळे पोते पुड्यात भरायच्या नादी लागू नये.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. शहरातल्या बाईने पुडा हातात घेतला आणि पाठीमागची गोष्ट वाचली की ती प्रश्नही विचारणार. गंधकाची प्रक्रिया करून काढलेल्या साखरेच्या पुड्यावर 'रसायनविरहित' छापले तर तो धडधडीत खोटेपणा होईल, आणि एका तपासणीत नाव जाईल. ती विचारील, उसाला पाणी किती लागते? ठिबक किती सभासदांनी केले? ती विचारील, हा ऊस तोडला कोणी? मराठवाड्यातून सहा-सहा महिने कोयता घेऊन येणारी जोडपी कुठे राहतात, त्यांची पोरे शाळेत जातात का? पुड्यावर हसऱ्या शेतकऱ्याचे चित्र आणि फडात पाचटाच्या खोपीत रडणारे पोर, ही गोष्ट फार दिवस टिकणार नाही. आधी खोपी नीट करू, टोळ्यांना पाणी-संडासाची सोय करू, मग पुड्यावर लिहू. क्रम उलटा करून चालणार नाही.

पुढील गट बैठकीसाठी काम असे. प्रत्येक गटातून तीन-चार वडीलधाऱ्या सभासदांची आठवण लिहून आणावी : भाग कोणत्या साली घेतला, पैसे कुठून उभे केले, पहिला ऊस कोणत्या जातीचा, गाडीने गेला की ट्रॅक्टरने. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्यावे. सोबत जुनी पावती, वजनकाट्याची चिठ्ठी, भागाचा दाखला असल्यास त्याची प्रत जोडावी, मूळ कागद देऊ नये. आणि ज्यांच्या शेतात यंदा तोडणी टोळी उतरली असेल, त्यांनी टोळीत मुले किती होती आणि शाळेत किती गेली, हेही त्याच कागदावर नोंदवावे.