न्यूरेंबर्ग : एका नगराचा समवाय-पाठ

परदेशातील एखादे शहर शिकवावयाचे म्हणजे नकाशावर त्याचे ठिकाण दाखवावयाचे, दोन-चार उद्योगांची नावे फळ्यावर लिहावयाची व पुढील धड्याकडे वळावयाचे, अशी रीत पुष्कळ वर्गांतून आढळते. अशा रीतीने शिकविलेले शहर परीक्षेपलीकडे मुलांच्या ध्यानात राहत नाही. भूगोल, इतिहास, विज्ञान व चित्रकला हे विषय वेळापत्रकात निराळे असले, तरी लोकजीवनात ते एकमेकांच्या आधाराने वाढतात. हे मुलांना दाखवून देण्यास जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे शहर फार सोयीचे आहे. हा पाठ वरच्या इयत्तांसाठी असून तो दोन तासिकांत पूर्ण करता येईल.

साहित्य : युरोपचा नकाशा, पृथ्वीचा गोल, कागद व शिसपेन्सिल.

१. स्थान व व्यापार

न्यूरेंबर्ग हे दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया राज्यात पेग्निट्झ नदीच्या काठी वसलेले असून म्युनिकच्या खालोखाल त्या राज्यातील दुसरे मोठे शहर आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख १०५० सालचा आहे. नव्याने निवडलेल्या राजाने आपली पहिली राजसभा येथे भरवावी, असे १३५६ च्या राजाज्ञेने ठरले. भोवतालची जमीन रेताड, नदी लहान. तरीही शहर भरभराटीस आले, ते व्यापारी मार्गांच्या संगमामुळे. पूर्वेकडील मसाले व्हेनिसहून आल्प्स पर्वत ओलांडून येथे येत. ते मसाले व जवळच्या अरण्यातील मध यांपासून होणारी येथील गोड रोटी आजही प्रसिद्ध आहे. १३९० साली उल्मन श्ट्रोमर या व्यापाऱ्याने येथे जर्मनीतील पहिली कागदाची गिरणी चालू केली.

या भरभराटीची दुसरी बाजूही सांगावयास हवी. शहराचा मुख्य बाजारचौक ज्या जागी आहे, तेथे पूर्वी ज्यू लोकांची वस्ती होती. १३४९ साली ती उद्ध्वस्त करण्यात आली व शेकडो माणसे मारली गेली. हा प्रसंग येथेच थोडक्यात सांगून ठेवावा. पाठाच्या उत्तरार्धात त्याचा संबंध येतो.

२. विज्ञान

१४७१ साली रेगिओमोंटानुस हा ज्योतिर्विद या शहरात राहावयास आला. येथे उत्तम उपकरणे मिळतात व व्यापाऱ्यांच्या ये-जा करण्यामुळे दूरदूरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार सुलभ होतो, हे त्याने स्वतःच दिलेले कारण होय. बाजारपेठ विद्येस कशी उपकारक ठरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. सूर्य मध्यभागी असून पृथ्वी त्याभोवती फिरते, असे प्रतिपादन करणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली याच शहरातील पेट्राययुस याच्या छापखान्यात छापला गेला.

मार्टिन बेहाइम याने १४९२ च्या सुमारास येथे पृथ्वीचा गोल करविला. आज उपलब्ध असलेल्या पृथ्वीगोलांत तो सर्वांत जुना असून येथील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. वर्गातील गोल मुलांच्या हाती देऊन, ‘या जुन्या गोलावर कोणते खंड नसेल?’ असा प्रश्न विचारावा. कोलंबसाच्या सफरीची वार्ता युरोपात पोहोचण्यापूर्वीच तो आखला गेला असल्यामुळे त्यावर अमेरिका नाही. ज्ञान वाढते व कालचा नकाशा आज सुधारावा लागतो, हे मुलांस यावरून सहज उमजेल.

पुढील काळात विद्युत्‌प्रवाहाचा नियम शोधणारा ओम हा १८३३ पासून १८४९ पर्यंत येथील तंत्रशाळेत अध्यापक होता. ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्ग ते फ्यूर्त या सुमारे ६ किलोमीटरच्या मार्गावर जर्मनीतील वाफेची पहिली आगगाडी धावली. तिचे ‘आडलर’ नावाचे इंजिन इंग्लंडात तयार झाले होते. मुलांच्या हातातील शिसपेन्सिलीचा धंदाही या शहरात व लगतच्या श्टाइन गावी वाढला.

३. कला

थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याचा जन्म १४७१ साली येथे एका सोनाराच्या घरी झाला. त्याचे निवासस्थान आजही जपलेले आहे. त्याच्या एका चित्राचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांस भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला व मे महिन्यात लिस्बन येथे पोहोचला. त्याचे वर्णन व एक रेखाटन न्यूरेंबर्गला आले. ड्यूररने तो प्राणी स्वतः कधी पाहिला नाही. तरीही त्या आधारावर त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. चित्र विलक्षण जिवंत उतरले. तथापि कातडीऐवजी चिलखताचे पत्रे, पायांवर खवले व पाठीवर आणखी एक लहान शिंग, असे दोष त्यात राहिले. पुढे दोनशेहून अधिक वर्षे लोक त्याच चित्राच्या नकला करीत राहिले.

येथे एक खेळ घ्यावा. एका मुलाने एखाद्या वस्तूचे केवळ शब्दांनी वर्णन करावे व इतरांनी ती न पाहता काढावी. मग वस्तू समोर ठेवून चित्रे ताडून पाहावीत. ऐकीव व पाहिलेले यांतील अंतर सांगावयास वेगळ्या व्याख्यानाची गरज उरणार नाही.

४. दोन पुस्तके

शिक्षकांच्या दृष्टीने या शहराचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी रचलेले सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली येथे प्रसिद्ध झाले. चित्रातील प्रत्येक वस्तूस अंक व त्या अंकापुढे लॅटिन व जर्मन भाषेतील शब्द, अशी त्याची मांडणी होती. मुलाने वस्तू पाहावी व मग शब्द शिकावा, हे त्याचे तत्त्व होते. आज वर्गात टांगलेल्या प्रत्येक चित्रतक्त्याचे मूळ या पुस्तकापर्यंत नेता येते.

याच शहरातून १९३८ साली मुलांसाठी दुसरे एक सचित्र पुस्तक निघाले. विषारी अळंबी ज्याप्रमाणे ओळखून टाळावी, त्याप्रमाणे ज्यू माणूस ओळखून टाळावा, अशी शिकवण त्यात रंगीत चित्रांनी दिली होती. त्याचा प्रकाशक युलियुस श्ट्राइखर हा पूर्वी प्राथमिक शिक्षक होता. लिहिणाराही शिक्षकच होता. नाझी पक्षाचे प्रचंड मेळावे १९३३ ते १९३८ या काळात येथेच भरले व ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे १५ सप्टेंबर १९३५ रोजी येथेच जाहीर झाले. चित्र, छापखाना व बालमनाची जाण ही साधने दोन्ही पुस्तकांत तीच होती. एकाने मुलास डोळे उघडून पाहावयास शिकविले. दुसऱ्याने शेजाऱ्याकडे न पाहता ऐकीव द्वेष मानावयास शिकविले.

२ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात जुने शहर बव्हंशी उद्ध्वस्त झाले. २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत येथील न्यायालयात नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. ‘वरून आलेली आज्ञा पाळली’ एवढ्यावरून मनुष्य दोषमुक्त होत नाही, हे तत्त्व त्या खटल्याने दृढ केले. वरील पुस्तकही तेथे पुरावा म्हणून दाखल झाले होते. श्ट्राइखरला मृत्युदंड झाला. १९९३ पासून संग्रहालयाजवळच्या एका रस्त्यावर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील कलमे स्तंभांवर कोरलेली आहेत.

हा भाग शिकविताना जर्मन लोकांविषयी तिरस्कार उत्पन्न होणार नाही, अशी दक्षता घ्यावी. अन्यथा पाठाचा हेतूच विफल होईल. आपल्याच गावात एखाद्या वस्तीविषयी, जातीविषयी कोणती ऐकीव वाक्ये मुले घरून घेऊन येतात, याचा शिक्षकाने आधी स्वतःशी विचार करावा. त्या वस्तीतील मूल समोर त्याच वर्गात बसलेले असते.

स्वाध्याय

१. न्यूरेंबर्गची जमीन रेताड असूनही शहर का वाढले?
२. बेहाइमच्या गोलावर अमेरिका का नाही?
३. गोव्याहून निघालेल्या गेंड्याचा मार्ग नकाशात दाखवा.
४. तुम्ही ऐकलेली, परंतु स्वतः पडताळून न पाहिलेली एक गोष्ट लिहा. ती कशी पडताळता येईल?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी जपून ठेवावीत व केंद्रसंमेलनात त्यांवर चर्चा करावी.