कोपर दुखतंय, पण कुठे?

कोपर दुखतं म्हटलं की ‘टेनिस एल्बो’ हे उत्तर तयारच असतं. मलाही तेच मिळालं, कोपराला हात न लावता. जेल, पट्टा, शेक सगळं रीतसर झालं. दुखणं जागच्या जागी. वर रात्री करंगळी आणि अनामिका बधिर व्हायला लागल्या.

दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे?” मी आतल्या बाजूला बोट ठेवलं. टेनिस एल्बो दुखतो बाहेरच्या टोकावर. तरी खात्री म्हणून त्यांनी मूठ वळून मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून जोर दिला. ही कोझेन चाचणी. बाहेर कळ यायला हवी होती, आली नाही. मग आतल्या हाडामागच्या खोबणीवर टिचक्या मारल्या, तर झणका थेट करंगळीत. कोपर पूर्ण दुमडून धरायला लावलं; मिनिटभरात मुंग्या. शेवटी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद देऊन ओढला. डाव्या हाताने सरळ धरला. उजव्या अंगठ्याचं टोक मात्र वाकलं. खोबणीतली अल्नर नस दबली होती आणि स्नायूही कमजोर व्हायला लागले होते. एनसीव्हीत, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या तपासणीत, तेच निघालं. टेबलावर कोपर टेकून तासन्‌तास फोनवर बोलायची माझी सवय नडली होती.

हे वाचून घरी टिचक्या मारत बसू नका. झणका धडधाकट माणसालाही येतो, म्हणून एका चाचणीवर निदान ठरत नाही. दोन्ही हात ताडून पाहावे लागतात. तपासायला जाताना सैल, अर्ध्या बाहीचं घाला. बोटं बधिर होत असतील तर विचारायची वाट न पाहता सांगा, आणि कोणती तेही सांगा.

पडून मार बसला असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाचं कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर एक्स-रे काढायलाच हवा. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अशांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना फ्रॅक्चर निघालं होतं. लहान मुलाच्या बाबतीत हात सरळ झाला म्हणूनही निर्धास्त राहू नका, दाखवाच. आणि सुजलेलं कोपर कुणालाही तेल लावून चोळू देऊ नका, तो हाडवैद्य कितीही नावाजलेला असो. चोळण्याने स्नायूत हाड धरू शकतं आणि सांधा आखडतो.